कचरा डेपोवरचे कुरव, रातथाऱ्याचं पाणी : या हंगामाची नोंद

या हंगामात मोजणीची पद्धत बदलली. आधी संध्याकाळी जलाशयावर उतरणारे कुरव (गल पक्षी) मोजायचे, आकडा लिहायचा आणि निघायचं, असा क्रम होता. आता संख्येबरोबर ते पाण्यावर किती वेळ बसले हेही लिहितो, म्हणजे नोंद पक्ष्यांची न राहता पक्षी-तासांची होते. हजार कुरव रात्री तेरा तास बसले तर तेरा हजार पक्षी-तास. तेवढेच हजार दुपारी अर्धा तास डुंबून गेले तर पाचशे. दोन्ही दिवशी वहीत ‘1000’ एवढंच असतं, तर पाण्याच्या दृष्टीने हे दोन दिवस वेगळे आहेत हे कधी कळलंच नसतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी विषय थोडक्यात सांगतो. कुरव दिवसभर कचरा डेपोवर खातात आणि रात्री उघड्या पाण्यावर येऊन झोपतात (हाच त्यांचा रातथारा), कारण तिथे जमिनीवरचा शिकारी पोचत नाही. दिवसा पोटात गेलेलं रात्री पाण्यात पडतं. म्हणजे डेपोतलं नायट्रोजन आणि फॉस्फरस रोज थोडं थोडं उडत तलावात येतं. ओढे, नाले, सांडपाण्याचे पाईप यांच्या तोंडाशी नमुने घेता येतात. हवेतून येणाऱ्या या वाटेवर नमुना घ्यायला कुणी बसलेलं नसतं. तिथे दुर्बीण घेऊन बसणारे आपणच, आणि म्हणून या हिशोबात आपल्या वहीला खरी किंमत आहे असं मला मनापासून वाटतं.

पक्षी-तासांची कल्पना माझी नाही. अमेरिकेत केप कॉडवर गल पॉन्ड नावाचं तळं आहे. तिथे पोर्टनॉय या संशोधकांनी वर्षभर कुरव मोजले, एक पक्षी किती वेळा शिटतो ते पाहिलं, विष्ठेतली पोषकद्रव्यं तपासली आणि तिन्हींचा गुणाकार केला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिशोबात कुरवांकडून तळ्याला वर्षाला 52 किलो फॉस्फरस मिळत असल्याचं निघालं. या तीन अंगांपैकी विष्ठेचं रासायनिक विश्लेषण हौशी माणसाच्या आवाक्यात नाही. शिटण्याचा वेग काही अंशी आहे. संख्या आणि वेळ मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि मोठ्या हिशोबांतली सगळ्यात कच्ची बाजू नेमकी तीच असते.

मोठा हिशोब म्हणजे ड्यूक विद्यापीठातल्या स्कॉट विन्टन आणि मार्क रिव्हर यांनी 2017 साली मांडलेला. पक्ष्यांच्या संख्येसाठी त्यांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा आधार घेतला होता. त्यांच्या सावध अंदाजानुसार उत्तर अमेरिकेत निदान 14 लाख कुरव कचरा डेपोंवर जगतात आणि आसपासच्या तलाव-जलाशयांत वर्षाला सुमारे 240 टन नायट्रोजन व 39 टन फॉस्फरस टाकतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्डन लेक या एकाच जलाशयावर 49 हजारांच्या आसपास रिंग-बिल्ड गल रात्रीला असतात, आणि त्यांचा वाटा वर्षाला 1,240 किलो फॉस्फरस एवढा धरला आहे.

हे आकडे इतके मोठे आहेत की आपल्या तलावाशी त्यांचा संबंध चटकन लागत नाही, म्हणून मी ते एका पक्ष्यावर आणले. 39 टनांना 14 लाखांनी भागलं की एका कुरवामागे वर्षाला 28 ग्रॅम फॉस्फरस येतो. जॉर्डन लेकचे आकडे भागले तर 25 ग्रॅम. दोन्ही जवळपास. नायट्रोजन 170 ग्रॅमच्या पुढे.

आता 28 ग्रॅम म्हणजे किती? समजा रातथाऱ्यावर हजार कुरव आहेत. वर्षाला 28 किलो फॉस्फरस. तलाव 25 हेक्टरचा, सरासरी खोली 4 मीटर, म्हणजे पाणी दहा लाख घनमीटर किंवा एक अब्ज लिटर. सगळा फॉस्फरस त्यात सारखा मिसळला तर लिटरमागे 28 मायक्रोग्रॅम. रॉबर्ट कार्लसन यांनी 1977 साली तलावांसाठी जो निर्देशांक दिला, त्यात एकूण फॉस्फरस लिटरमागे 24 मायक्रोग्रॅमच्या आसपास गेला की तलाव सुपोषित, म्हणजे शेवाळाने हिरवा होण्याच्या बाजूला, धरला जातो. मध्यम आकाराचा तलाव आणि नजरेत मावणारा हजारांचा थवा, एवढ्यात ती रेषा ओलांडली जाऊ शकते. प्रत्यक्षात काही भाग तळाशी बसतो, काही सांडव्यावरून वाहून जातो, शिवाय पक्षी हंगामापुरतेच असतात, म्हणून हा वरचा अंदाज समजावा. तरी वहीतल्या प्रत्येक हजाराकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

संध्याकाळची रांग

मोजणी तळ्यावर बसलेल्या पक्ष्यांची करू नये, येणाऱ्या रांगांची करावी, या मतावर मी आता पक्का झालो आहे. बसलेला थवा दाटीने असतो, मागचे पुढच्यांच्या आड जातात, आणि मधूनच अर्धा थवा उठून जागा बदलतो. उडत येणारी रांग मात्र एका ठरलेल्या झाडावरून किंवा खांबावरून जाते आणि दहा-दहाच्या गटांत सुटी मोजता येते. स्कोप त्या खांबावर लावून ठेवायचा आणि हातात क्लिकर. दर पंधरा मिनिटांनी आकडा आणि दिशा लिहायची. दिशा सगळ्यात महत्त्वाची, कारण डेपोच्या बाजूने येणारे आणि नदीच्या किंवा शेतांच्या बाजूने येणारे यांना एकाच खात्यात टाकलं तर सगळा हिशोबच बिघडतो.

रांगा थेट पाण्यावरही येत नाहीत. बरेचदा आधी एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा उथळ काठावर जमतात, अंधार पडता पडता मधल्या खोल पाण्यावर सरकतात. या जमवाजमवीच्या वेळी मैदानावर जे पडतं ते तलावाच्या खात्यात धरत नाही. वेळ सुरू होते ती पाय पाण्याला लागल्यावर.

डेपोवर गाड्या येत नाहीत त्या दिवशी चित्र पार बदलतं. डेपोच्या दिशेची रांग तुटक होते, पक्षी लवकर परततात, दुपारपासून पाण्यावर बसून असतात. अशा दिवशी पक्षी-तास वाढतात, पण पोटं अर्धी रिकामी असणार, म्हणून या दिवसांना वहीत वेगळी खूण करतो. पक्ष्यांना वेळापत्रक कळतं याबद्दल मला शंका उरलेली नाही. ब्रिस्टलमध्ये लेसर ब्लॅक-बॅक्ड गलना जीपीएस लावून केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीला आणि कचरा केंद्राच्या कामाच्या तासांना धरून ते कुरव त्या त्या जागी हजर राहत.

दुपारची आंघोळ ही या हंगामात नव्याने धरलेली गोष्ट. डेपोवर खाऊन झालं की छोटे गट गोड्या पाण्यावर येतात, पाणी पितात, पंख आपटून धुतात, पुन्हा परततात. थांबतात थोडा वेळ, पण येतात भरल्या पोटी. रात्रीच्या पहिल्या काही तासांचंही तसंच. संध्याकाळी शेवटचं खाल्लेलं तेव्हा बाहेर पडत असतं, पहाटेपर्यंत पोट रिकामं होत जातं. तेरा तासांतला प्रत्येक तास सारख्या वजनाचा धरणं मला पटत नाही, आणि पुढे रात्रीचे दोन भाग करून मांडणी करायचा विचार आहे.

घारी आणि कावळे डेपोवर ढिगाने असतात, पण त्यांचा रातथारा झाडांवर, पाण्यापासून लांब. त्यांना या हिशोबातून सरळ वगळलं आहे. गायबगळे मात्र नीट बघावे लागतात. त्यांच्या वसतीची झाडं पाण्यावर झुकलेली असतील तर तेही या खात्यात येतात.

काठावरचे गोळे

कुरवांना न पचलेलं ओकून टाकायची सवय असते. पहाटे थवा उठून गेला की काठावरच्या दगडांवर बोटाच्या पेराएवढे गोळे सापडतात. हातमोजे आणि मास्क घालून, चिमट्याने, ओले असतानाच उघडतो. वाळलेले गोळे चुरडू नयेत, त्यांची धूळ नाकात जाणं धोक्याचं आहे. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला तर हातच लावायचा नाही.

एका गोळ्यात काय होतं ते सविस्तर सांगतो. बाहेरून करडी, चिकट धाग्यांची गुंडाळी. ती सोडवली तर आत कोंबडीच्या हाडाच्या चार-पाच किरच्या. त्यांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली. हाडाला चिकटून पारदर्शक पिशवीचा पट्टा, घडी पडलेला. एक रबर. काचेचा हरभऱ्याएवढा तुकडा. आणि चांदीच्या कागदाची इतकी घट्ट गुंडाळलेली गोळी की चिमट्याने सुटेना.

त्या हाडांकडे मी बराच वेळ बघत होतो. हाडातला खनिज भाग मुख्यत्वे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. टोकं गुळगुळीत झाली म्हणजे जठरातल्या आम्लाने तेवढं हाड विरघळवलं. त्यातला शरीराला नको असलेला फॉस्फरस शेवटी विष्ठेतूनच बाहेर पडणार. डेपोवरच्या आहारात फॉस्फरस कुठून येतो याचं उत्तर असं चिमट्याच्या टोकाला मिळालं.

प्लॅस्टिकचा मुद्दा वेगळा असला तरी वाट तीच आहे. स्पेनमध्ये मालागा प्रांतात फुएंते दे पिएद्रा हे फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध असलेलं खारं सरोवर आहे. तिथे लेसर ब्लॅक-बॅक्ड गल हिवाळ्यात मुक्काम करतात आणि डेपोंवर खायला जातात. जीपीएस आणि असे ओकलेले गोळे यांच्या आधारे तिथल्या संशोधकांनी हिशोब केला, तर हे कुरव वर्षाला सरासरी 400 किलोच्या आसपास प्लॅस्टिक सरोवरात आणतात असं निघालं. त्या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं. आलेलं प्लॅस्टिक तिथेच राहतं, आणि फॉस्फरसही.

बरणीतला प्रयोग

दगडावरची ताजी विष्ठा घेऊन काचेच्या बरणीतल्या तलावाच्याच पाण्यात टाकली. पांढरा भाग धुरासारखा पसरला, गडद भाग तुकड्यांनी सरळ खाली गेला. ढवळल्यावर पाणी दुधी झालं. बरणी न हलवता ठेवली तर दुसऱ्या दिवशी तळाशी बारीक पांढरा थर, वर पाणी जवळजवळ नितळ. पांढरा भाग म्हणजे बहुतांशी युरिक आम्ल, आणि ते पाण्यात फार कमी विरघळतं. सूक्ष्मजीव त्याचा अमोनिया करतात तेव्हाच त्यातला नायट्रोजन शेवाळाला मिळतो. म्हणजे रात्री पडलेलं सकाळी लगेच पाण्यात उतरलेलं नसतं, बरंचसं आधी गाळात जातं.

गाळात काय होतं हे मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तळाशी प्राणवायू आहे तोवर गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. उन्हाळ्यात पाणी तापतं, वरचा उबदार थर खालच्या थंड पाण्यावर बसतो, खालचा प्राणवायू संपतो, आणि लोहाची पकड सुटून फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. थंडीत कुरवांनी आणून टाकलेलं हिरवेपण उन्हाळ्यात दिसतं, तोवर कुरव हजारो किलोमीटर दूर गेलेले असतात. शेवाळाच्या तवंगाच्या दिवशी तळ्यावर एकही कुरव नसतो, आणि म्हणून त्यांचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही.

फॉस्फरसवर एवढा भर का, असं मागच्या नोंदीनंतर विचारलं गेलं होतं. कॅनडात ऑन्टारिओमध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली लेक 226 या तलावाचे मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन टाकलं, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. पडद्याच्या फॉस्फरसवाल्या बाजूला पाणी हिरवंगार झालं, दुसरी बाजू आधीसारखीच राहिली.

यात कुरवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शेवाळाला वाढायला वजनाने एका भाग फॉस्फरसमागे सुमारे सात भाग नायट्रोजन लागतं. विन्टन-रिव्हर यांच्या आकड्यांत हे प्रमाण 240 ला 39, म्हणजे सहाच्या आसपास येतं. काठावर पडलेल्या विष्ठेतून अमोनिया हवेत उडून गेला तर ते आणखी खाली येणार. नायट्रोजन कमी आणि फॉस्फरस शिल्लक, अशा पाण्यात हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेणारं निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. त्याच्या काही जाती विषारी असतात. कुरवांच्या संख्येइतकंच हे प्रमाणही लक्षात घ्यायला हवं असं माझं मत आहे.

डेपोशी संबंध नसलेलं एक उदाहरणही इथे उपयोगाचं आहे. मिशिगनमधल्या विंटरग्रीन तलावावर कॅनडा गूज आणि बदकं बाहेर चरून येतात. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या हिशोबात, बाहेरून येणाऱ्या फॉस्फरसपैकी 70 टक्के आणि नायट्रोजनपैकी 27 टक्के या पक्ष्यांकडून येत होतं. नायट्रोजनला पावसातून, हवेतून, भूजलातून यायला बऱ्याच वाटा आहेत. फॉस्फरसला मोजक्याच, आणि त्यातली एक पंखांची.

पाण्याची तपासणी

फॉस्फेटच्या घरगुती टेस्ट किटवर भरवसा ठेवू नका. लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम फॉस्फरस म्हणजे फॉस्फेटच्या हिशोबात 0.09 मिलिग्रॅम, आणि मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या साध्या किटच्या रंगपट्टीवर शून्यानंतरची पायरी बहुधा याच्याही वर असते. शिवाय किट फक्त विरघळलेला भाग दाखवतं. शेवाळाने आधीच गिळलेला फॉस्फरस त्यात येत नाही, त्यामुळे हिरव्यागार तळ्याचं किट ‘शून्य’ दाखवू शकतं.

त्यापेक्षा सेकी डिस्क बरी. 20 सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली वाचायची. आंजेलो सेक्की यांनी 1865 साली सुरू केलेली ही पद्धत आजही तलावतज्ज्ञ वापरतात. कार्लसनच्या निर्देशांकात फॉस्फरसची जी रेषा वर सांगितली तीच पारदर्शकतेत 2 मीटरवर येते. मी एकाच जागी, दुपारी, सावलीच्या बाजूने वाचन घेतो. थंडीत चकती सहज 2 मीटरच्या खाली दिसत होती. उन्हं तापायला लागल्यावर ती वरवर येऊ लागली आहे. याला कुरव किती कारणीभूत आणि वरून येणारं सांडपाणी किती, हे एका चकतीवरून सांगता येणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण पक्षी-तास आणि पारदर्शकता एकाच वहीत, एकाच तारखांना असल्या तर पुढे कुणा अभ्यासकाला त्यावर काम करता येईल.

कुरवांना हुसकवावं का, हा प्रश्न दरवेळी येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये क्वाबिन या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर पाणी उचलण्याच्या जागेपासून कुरवांना हुसकवून दूर ठेवण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालतो. तिथे मुख्य चिंता जंतूंची आहे, म्हणून त्याला अर्थ आहे. पोषकद्रव्यांसाठी मात्र हुसकवणं म्हणजे तेच ओझं शेजारच्या तलावावर ढकलणं. उपाय डेपोवर आहे. अमेरिकेत नियमानुसार रोजचा कचरा दिवसअखेर निदान 15 सेंटिमीटर मातीने किंवा तशाच पर्यायी आच्छादनाने झाकावा लागतो. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशाने जैविक कचरा डेपोत जाणंच टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. ओला कचरा वेगळा होऊन खताच्या खड्ड्यात किंवा गॅस प्लँटमध्ये गेला की कुरवांचं ताट रिकामं होतं, आणि ते पुन्हा मासे, किडे, किनारे यांकडे वळतात. मला हे पक्षी तळ्यावर हवेच आहेत, आणि त्यांच्या पोटात काय जातं याची काळजी म्हणूनच जास्त वाटते.

पुढच्या हंगामात सकाळच्या उड्डाणाची मोजणी जोडायची आहे. सकाळी थवा थोड्या वेळात एकदम उठतो, त्यामुळे मोजायला अवघड, पण रात्री किती जण उशिरा येऊन मिसळले ते त्यावरूनच कळेल. काठावर गडद रंगाच्या फरशा मांडून ताशी किती वेळा विष्ठा पडते तेही बघणार आहे. तुमच्यापैकी जे रातथारा मोजतात त्यांनी ई-बर्डवर टाकताना संख्येबरोबर आगमनाची दिशा, पाण्यावर बसल्याची व उठल्याची वेळ आणि त्या दिवशी डेपो चालू होता की बंद, एवढं टिपणात नक्की लिहा.